अस्फाल्टीन विरघळतं की नुसतं लपतं?

गाळीव (सोमवार, रात्री १०.४०)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय काळाकुट्ट आहे आणि हाताला चिकटतो, तेव्हा जेवून झाल्यावर वाचा.

मी इंधन आणि डांबर तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. आमच्याकडे आठवड्यातून चार वेळा तरी होणारी एक चाचणी आहे. जड तेलाचा ग्रॅमभर नमुना घ्यायचा, त्यात तीस-चाळीस पट हेप्टेन (सरळ साखळीच्या रेणूंचा हलका द्रावक) घालून उकळायचं, थंड करून अंधारात ठेवायचं आणि मग गाळायचं. कागदावर उरतं ते अस्फाल्टीन. ओलं असताना चहाच्या चोथ्यासारखं दिसतं. वाळलं की चकाकतं आणि चमच्यानं दाबलं की कडकड मोडून भुकटी होते. मग त्यावर गरम टोल्यूईन (हा कड्यांच्या रेणूंचा द्रावक) सोडायचं. तपकिरी धार खाली उतरते, कागद पुन्हा पांढरा व्हायला लागतो. रजिस्टरमध्ये 'टोल्यूईनमध्ये विद्राव्य' लिहायचं आणि मोकळं व्हायचं.

मागच्या आठवड्यात नव्या ट्रेनी मुलीनं विचारलं, "सर, हे खरंच विरघळलंय का? म्हणजे पाण्यात साखर विरघळते तसं?" मी ठोकून दिलं, हो. घरी जाताना लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धा टेकलो तेव्हा लक्षात आलं की पोरीला आपण चुकीचं सांगितलं.

मुळात अस्फाल्टीन हे एका पदार्थाचं नाव नाहीच. बूसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८३७ मध्ये डांबराचे दोन भाग करून त्यातल्या एकाला हे नाव दिलं. आज त्याची व्याख्या एवढीच उरली आहे : जे हेप्टेनमध्ये मावत नाही आणि टोल्यूईनमध्ये मावतं ते. हजारो प्रकारचे रेणू या एका दाखल्यावर आत शिरतात. हेप्टेनऐवजी पेंटेन घेतलं तर त्याच तेलातून जास्त साका पडतो. त्यामुळे 'या तेलात अस्फाल्टीन किती?' असं कोणी विचारलं की आधी 'कशात?' हे विचारावं लागतं.

खरी गंमत रेणुभाराची. जुन्या लोकांनी ऑस्मोमीटर लावून तो मोजला तर टोल्यूईनमध्ये आकडे काही हजारांत यायचे. तोच नमुना गरम नायट्रोबेंझीनमध्ये किंवा पिरिडीनमध्ये मोजला की आकडा खाली. रेणू तर तेच, मग वजन कसं बदलेल? बदलत नव्हतंच. एकमेकांना चिकटलेल्या टोळीचं वजन करून ते एका रेणूच्या नावावर टाकलं जात होतं. पुढे प्रकाशाच्या साहाय्यानं, अगदी पातळ द्रावणात एकट्या रेणूची गिरकी मोजली गेली आणि आकडा ५०० ते १००० च्या घरात आला, साधारण ७५० धरतात. २०१५ मध्ये झुरिकच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत तर एकेका रेणूचं चित्रच काढलं. मध्ये षटकोनी कड्यांची चपटी चकती आणि कडेनं लोंबणाऱ्या शेपट्या.

या चकत्या एकावर एक बसतात. सध्याचं प्रचलित चित्र येन आणि मलिन्स यांच्या नावानं ओळखलं जातं : एक रेणू दीड नॅनोमीटरचा, असे सहाएक मिळून दोन नॅनोमीटरचा गठ्ठा, असे आठएक गठ्ठे मिळून पाच नॅनोमीटरचा घोस. टोल्यूईनच्या लिटरमध्ये १०० मिलिग्रॅमच्या आसपास अस्फाल्टीन गेलं की गठ्ठे बांधायला सुरुवात होते. लिटरमध्ये १०० मिलिग्रॅम म्हणजे बादलीत चिमूटभर. आम्ही चाचणीत वापरतो ते द्रावण त्याच्या कितीतरी पट दाट असतं. म्हणजे तो कागद धुऊन निघतो तेव्हा खाली जाते ती गठ्ठ्यांची वरात. गठ्ठे कागदाच्या छिद्रांपेक्षा लहान आहेत, बस इतकंच.

तुमच्यापैकी कोणाला हे काळं प्रकरण कुठे भेटलंय? अनुभव लिहा.

वाचनमात्र (सोमवार, रात्री ११.१५)

जेवण झालं नव्हतं. तरी वाचलं. +१

डबलबॉटम (मंगळवार, पहाटे ४.०५)

जहाजावरची वॉच (पाळी) संपवून लिहितोय, चुका पोटात घाला.

गाळीव भाऊ, भेटलंय म्हणजे काय, अंगावर आलंय. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनात गंधक ०.५० टक्क्यांवर नको असा नियम आला. त्याआधी साडेतीन टक्के चालायचं. त्या वर्षी मी थर्ड (तिसरा इंजिनियर) होतो. नवीन कमी गंधकाचं तेल एका बंदरात भरलं, तीन आठवड्यांनी दुसऱ्या बंदरात दुसरं. दोन्हींचे रिपोर्ट स्वच्छ, एकूण गाळ ०.१० टक्क्याच्या मर्यादेच्या खूप खाली. चीफचा हुकूम होता की दोन बंकर (दोन बंदरांत भरलेली तेलं) एकत्र करायचे नाहीत. पण सेटलिंग टँकच्या तळाशी आधीचं तेल उरलेलं होतं आणि पुढे मोठं वादळ होतं, रिकामी करायला वेळ मिळाला नाही. नवीन तेल वरून आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्युरिफायर (तेल गरगर फिरवून गाळ वेगळा काढणारं यंत्र) बोंबलायला लागला. बाउल उघडला तर चकत्यांच्या थप्पीत बोटभर जाडीचा काळा थर. ग्रीससारखा मऊ नाही, आणि कार्बनसारखा कडकही नाही. चिक्कीचा पाक अर्धवट जमल्यावर कसा होतो तसा. खरवडलं की तार सुटायची. डिझेलमध्ये बुडवून ठेवला तर आणखी घट्ट झाला! सेकंड साहेब माझ्याकडे असे बघत होते की मीच काहीतरी मिसळलंय. तीन दिवसांत तो बाउल अकरा वेळा उघडला. हात कोपरापर्यंत काळे.

माझा प्रश्न साधा आहे. दोन्ही तेलं पास असताना मिश्रण नापास कसं? आणि डिझेलनं का बिघडलं?

पळीवाढं (मंगळवार, सकाळी ९.२०)

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि मला तर यात सरळ कढी दिसतेय. ताक नुसतं उकळलं की फुटतं, चोथा एकीकडे आणि पाणी एकीकडे. डाळीचं पीठ लावलं की धरून राहतं. तेलात ते पिठाचं काम रेझिन (तेलातलेच चिकट घटक) करतात ना? अस्फाल्टीनच्या चकतीभोवती रेझिन, त्याभोवती बाकीचं तेल. डबलबॉटम दादांनी डिझेल ओतलं म्हणजे पिठाशिवाय पाणी वाढवलं.

शंकासुर (मंगळवार, सकाळी १०.०२)

ताई, उपमा चविष्ट आहे, पण दोन ठिकाणी फुटते.

एक, फुटलेली कढी पुन्हा जुळत नाही. अस्फाल्टीनचा साका टोल्यूईनमध्ये बऱ्यापैकी परत जातो, गाळीव रोज तेच करतात. दुसरं, रेझिनचं कवच अस्फाल्टीनला सांभाळतं ही कल्पना १९२४ च्या नेलेनस्टाइनपासून चालत आली आहे, पण ती आता सगळ्यांना मान्य नाही. बऱ्याच जणांच्या मते सगळा खेळ भोवतालच्या द्रवाचा आहे, अंगरक्षक वगैरे कोणी नाही.

आणि गाळीव, तुम्हालाही एक प्रश्न. पुस्तकं म्हणतात 'विद्राव्यता अंक जुळला की विरघळतं'. हेप्टेन १५.३, टोल्यूईन १८.२, अस्फाल्टीन वीस-एकवीसच्या आसपास. मग अॅसिटोन? त्याचा अंक जवळपास २०, म्हणजे टोल्यूईनपेक्षाही जवळचा. पण नेलपॉलिश रिमूव्हरनं चपलेचं डांबर काढून बघा. बायकोची बाटली संपली, चप्पल तशीच. (मी बघितलंय. नंतर जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

गाळीव (मंगळवार, रात्री ९.५०)

शंकासुर, अॅसिटोनवर बरोबर पकडलंत. तो एकच अंक म्हणजे पगाराचा निव्वळ आकडा, त्यात मूळ किती आणि भत्ते किती ते कळत नाही. हॅन्सेननं त्याचे तीन तुकडे केले : रेणूंची साधी जवळीक, ध्रुवीय ओढ आणि हायड्रोजन बंध. टोल्यूईनचा अंक जवळजवळ सगळा पहिल्या खात्यातला आहे, १८.०. अॅसिटोनचा त्या खात्यात १५.५ च, बाकीचं ध्रुवीयतेनं भरून काढलेलं. अस्फाल्टीनच्या चपट्या चकत्यांना पहिलं खातं लागतं. बेरीज सारखी आली म्हणून सोयरीक जमत नाही. उलट पिरिडीन आणि क्लोरोबेंझीनसारखी मंडळी कड्यांचीच असल्यामुळे चकत्यांच्या मध्ये घुसू शकतात, म्हणून तिथे गठ्ठे लहान राहतात.

पळीवाढं ताई, कढी पूर्ण टाकून देऊ नका, पुढे ती लागणार आहे.

डबलबॉटम, तुमच्या प्रश्नाचं उत्तर वीही नावाच्या माणसानं फार सोपं करून ठेवलंय. एक पट्टी घ्या. शुद्ध हेप्टेनला ० गुण, शुद्ध टोल्यूईनला १००. आता प्रत्येक तेलाला दोन आकडे द्यायचे. पहिला, हे तेल स्वतः किती 'टोल्यूईनसारखं' आहे. दुसरा, त्यातल्या अस्फाल्टीनला टिकायला किमान किती गुणांचं घर लागतं. घराचे गुण गरजेपेक्षा जास्त असले की शांतता.

समजावण्यापुरते आकडे घेतो. तुमचं जुनं तेल : घर ८०, गरज ४०. नवीन तेल : घर २५, त्यात अस्फाल्टीन नाहीच, त्यामुळे गरज शून्य. दोन्ही पास! निम्मं-निम्मं मिसळा, घर साडेबावन्न, अजून ठीक. पण जुनं २० टक्के आणि नवीन ८० टक्के झालं की घर उरतं ३६. गरज ४० ची. फुटलं. तळाशी थोडं जुनं आणि वरून टाकीभर नवीन, हेच तुमच्याकडे झालं. कमी गंधकाची बरीच मिश्रणं पॅराफिनच्या, म्हणजे हेप्टेनच्याच जातीच्या, अंगानं जाणारी असतात, त्यांचं घर गरीब. डिझेलही त्याच बाजूचं. तुम्ही बाउल डिझेलमध्ये बुडवला तेव्हा उरलंसुरलं चांगलं तेल धुऊन नेलंत आणि चोथा मागे ठेवलात.

डबलबॉटम (बुधवार, पहाटे ४.१०)

च्यायला. अकरा वेळा बाउल उघडताना हे कोणी सांगितलं असतं तर!

जहाजावर आधी तपासायला काही आहे का? टोल्यूईन कोण देणार आम्हाला.

गाळीव (बुधवार, सकाळी ८.१५)

आहे की, थेंब चाचणी. दोन्ही तेलं टाकीत ज्या प्रमाणात येणार त्याच प्रमाणात मिसळा, गरम करा, गाळण कागदावर एक थेंब सोडा आणि ओव्हनमध्ये १०० अंशांवर तासभर ठेवा. डाग कडेपर्यंत एकसारखा तपकिरी पसरला तर एक नंबर. मध्ये गडद ठिपका आणि त्याभोवती रेघ ओढल्यासारखं कडं दिसलं तर चार-पाच नंबर, त्या तेलाला हात लावू नका. ठिपका म्हणजे कागदाच्या धाग्यांत अडकलेल्या गुठळ्या, बाहेरचा फिकट भाग म्हणजे त्यांना सोडून पुढे गेलेलं तेल. प्रमाण मात्र खरं घ्या. निम्म्या-निम्म्यावर तुमची दोन तेलं पास झाली असती, वरचंच गणित बघा.

जुना_भट्टीवाला (बुधवार, दुपारी ३.३०)

मुलांनो, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण हा धागा वाचून हाताला पुन्हा वास आला.

गाळीवनं एक गोष्ट सांगितली नाही : ओतण्याचा क्रम. त्याच्याच आकड्यांत बघा. शेवटी निम्मं-निम्मं होणार असेल तर ते मिश्रण स्थिर आहे. पण टाकीत आधी गरीब घराचं तेल असेल आणि तुम्ही त्यात अस्फाल्टीनवालं सोडायला लागलात, तर पहिल्या तासात ते अस्फाल्टीन एकटं पडतं. गुठळ्या तिथेच होतात. नंतर मिश्रण सुधारलं तरी त्या लगेच मोडत नाहीत, काही तशाच पुढे भट्टीपर्यंत जातात आणि हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांना आतून अस्तर लावतात. उलट क्रमानं ओता, काही होत नाही. आमच्याकडे नाइट शिफ्टला कोणीतरी घाईत व्हॉल्व उलटे उघडले होते आणि महिनाभर तापमान चढेना. कोणी ते इथे सांगत नाही, तो बिचारा आता आजोबा झालाय. पळीवाढं ताईंची कढी इथे लागू आहे बघा. पीठ ताकात कालवून घेतात, उकळत्या ताकात वरून पीठ टाकत नाहीत.

दुसरं, लोकांना वाटतं जास्त अस्फाल्टीन म्हणजे जास्त त्रास. व्हेनेझुएलाच्या बोस्कान तेलात १७ टक्क्यांच्या आसपास, आणि विहिरीत त्याचा फारसा त्रास नाही. अल्जीरियातल्या हासी मसऊदच्या तेलात जेमतेम ०.१५ टक्के, आणि तिथे नळ्या तुंबून लोक हैराण. कारण बोस्कान जड आणि कड्यांनी भरलेलं, घर श्रीमंत. हासी मसऊद हलकं, त्यात वायू विरघळलेला. वर येताना दाब उतरत जातो तसा तो वायू फुगतो आणि तेल आणखी हेप्टेनसारखं होत जातं. वायूचा पहिला बुडबुडा सुटतो त्या दाबाला अस्फाल्टीनची अवस्था सगळ्यात वाईट. त्याखाली वायू निघून जातो आणि उरलेलं तेल पुन्हा सुधारतं. ज्याला आपण द्रावक म्हणतो तो बाटलीतूनच यावा लागतो असं नाही, तेलातला हलका भागच उलटा द्रावक होऊन बसतो.

तिसरं आणि महत्त्वाचं. गाळ दिसला की 'अस्फाल्टीन' म्हणून मोकळं होऊ नका. मुंबई हायचं तेल मेणाचं, थंड झालं की त्यातही गाळ दिसतो. तो चमच्यात घेऊन तापवा. वितळला तर मेण. नुसताच काळा बसून राहिला तर तुमचं हे प्रकरण.

खडी_नंबर_दोन (बुधवार, रात्री ८.४५)

काका, नमस्कार. मी रस्त्यावरचा माणूस, अक्षरशः.

तुम्ही सगळे या गुठळ्यांना शिव्या घालताय, आमचं पोट त्यांच्यावर आहे. या घोसांचं जाळं आहे म्हणून डांबर उन्हात वाहून जात नाही. आणि वर्षानुवर्षं हवा लागून अस्फाल्टीनचा वाटा वाढत गेला की तेच डांबर ठिसूळ होऊन रस्त्याला भेगा पडतात. दोन्हीकडून मार.

डिझेलचं कोडं मला आज सुटलं. साइटवर पोरं हात रॉकेलनं धुतात. पहिल्या धुण्यात भरपूर निघतं, मग रेषांमध्ये काळी बारीक कच बसते, ती रॉकेलनं कितीही घासा, जात नाही. मी म्हणायचो रॉकेल भेसळीचं आहे. आता कळलं, तेल धुतलं जातं आणि चोथा कातड्यावर पडतो. आमचा एक म्हातारा मुकादम आधी खोबरेल चोळायचा, मग साबण. थिनर मात्र हाताला लावू नका रे, कातडं सोलतं आणि वाफ डोक्यात जाते.

शंकासुर (गुरुवार, सकाळी ११.२०)

सगळं पटतंय, म्हणूनच संशय येतोय. गाळीव, 'गरज ४०' हा आकडा तुम्ही काढता कसा? टोल्यूईनमधल्या द्रावणात हेप्टेन वाढवत जाता आणि पहिला कण दिसला की थांबता, हो ना? पण हेप्टेन घालून किती वेळ थांबून बघता? पाच मिनिटं? तासभर? जेवणाची सुट्टी?

गाळीव (गुरुवार, रात्री १०.३०)

खरं सांगू? जेवणाची सुट्टी.

आणि तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. मिशिगन विद्यापीठात फॉगलर यांच्या गटानं २००९ मध्ये हेच दाखवलं. हेप्टेन कमी घातलं तर कण दिसायला आठवडे, कधी महिनेही लागतात. 'इतक्या टक्क्यांना फुटतं' असा पक्का आकडा धरून चालत होतो, पण तो बऱ्याच अंशी आपण किती वेळ बघतो यावर ठरत होता. छोट्या गुठळ्या आधीपासून होत असतात, त्या एकमेकींवर आपटून सूक्ष्मदर्शकात दिसण्याइतक्या मोठ्या व्हायला वेळ लागतो. द्रावक जितका कमी वाईट, तितकं त्यांचं जमणं संथ.

ट्रेनी मुलीला हा धागा दाखवला. (हो, माझी कबुलीही वाचली तिनं.) उद्या आम्ही दहा नळ्या लावतोय. सगळ्यांत अस्फाल्टीन सारखंच, हेप्टेन १० टक्के, २०, ३० असं चढत्या भाजणीनं, उरलेलं टोल्यूईन. दहाव्या नळीत टोल्यूईन नावापुरतंच, दाट द्रावणाबरोबर जाईल तेवढं. बघू.

पळीवाढं (गुरुवार, रात्री १०.४४)

फोटो टाका हो. नववीच्या मुलांना दाखवीन.

गाळीव (१६ दिवसांनी, शनिवार, संध्याकाळी ६.१०)

फोटो टाकता येत नाहीत, कामाच्या ठिकाणी मोबाइल बंद. शब्दांत सांगतो.

पहिल्या दिवशी दुपारी सातव्या नळीपासून पुढे सगळं स्पष्ट. दहावीत तर पाच मिनिटांत काळा साका तळाशी आणि वर फिकट चहा. सहावीत काही नाही, निदान आम्हाला तसं वाटलं. थेंब काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, साफ.

तिसऱ्या दिवशी सहावीत कण दिसले. पिठाच्या बारीक कणांसारखे, एकमेकांना टेकून माळा करणारे. आठव्या दिवशी त्याच माळांचे झुबके झाले होते. आज सोळावा दिवस. पाचव्या नळीत, जिथे निम्मं टोल्यूईन आहे तिथे, सूक्ष्मदर्शकात चार-पाच ठिपके. मी म्हटलं, धूळ असेल. तिनं दुसरा थेंब काढला, मग तिसरा. ठिपके आहेत.

चौथी अजून स्वच्छ आहे. तिनं त्यावर तारीख घालून चिठ्ठी चिकटवली आहे, 'हलवू नये, गाळीव सरांनीही नाही', आणि नळी कपाटात मागच्या बाजूला ठेवली आहे.

शंकासुर (शनिवार, संध्याकाळी ६.३२)

दिवाळीनंतर धागा वर काढतो. तेव्हा चौथीचं सांगा.